पुन्हा एकदा सांगाल का?

एका मोठ्या शहराच्या विमानतळावर एक उंच मनोरा होता. त्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवणारी एक बाई होती, मृदुला खासनीस. कोणी कधी उतरायचं, कोणी कुठे थांबायचं, कोणी केव्हा उडायचं, हे ती काचेतून बघत रेडिओवरून सांगायची आणि वैमानिक तसं वागायचे. आकाशातलं हे बोलणं इंग्रजीत चालतं. आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

मृदुला कामात फार हुशार. सणासुदीच्या गर्दीतही ती विमानं अशी एकामागून एक उतरवायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई गजरा ओवते आहे. खोडी दोनच. एक तर ती भरभर बोलायची. आणि सांगितलेलं कोणी परत विचारलं, की तिचं डोकं फिरायचं. मृदुला हे नाव ठेवणाऱ्या आत्याचा अंदाज तेवढा चुकला होता.

एकदा परदेशातून आलेल्या एका वैमानिकाला तिचं बोलणं नीट समजलं नाही. त्याने अदबीने विचारलं, पुन्हा एकदा सांगाल का?

मृदुला म्हणाली, "तुमच्यामागे रांग लागली आहे. कान घरी ठेवून आलात का?"

आता रेडिओची गंमत अशी, की एकाशी बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. त्या घडीला जितकी विमानं आसपास होती, तितक्या वैमानिकांनी ते ऐकलं. चपराक एकाला बसली, पण गाल सगळ्यांनी चोळले.

असं चारदोनदा झालं. मृदुलाची पाळी असली की परत विचारणारे कमी होत गेले, आणि मग कोणी विचारेनासंच झालं. मृदुला खूश झाली. आपण इतकं स्पष्ट बोलतो, की कोणाला काही विचारावंच लागत नाही, असं तिने घरी नवऱ्यालाही सांगितलं. नवरा हो म्हणाला. तोही बायकोला काही परत विचारण्याच्या फंदात पडत नसे.

खरं तर विमानतळावर एक फार शहाणा नियम होता. वैमानिकाने ऐकलेली सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवायची. ऐकण्यात काही चुकलं असेल, तर तिथल्या तिथे उमगतं. पण गर्दीच्या वेळी मृदुला नुसत्या ‘कळलं’वर भागवून घ्यायची. तेवढाच वेळ वाचतो, असा तिचा हिशेब.

दिवाळीच्या सुट्टीतली एक सकाळ होती. धुकं पडलं होतं आणि धावपट्टीचं दूरचं टोक दिसत नव्हतं. माणसं माहेरी, सासरी, सहलीला निघाली होती. विमानांची ही रांग लागली होती, आणि मृदुला माइकसमोर बसून न थांबता बोलत होती.

कॅप्टन जयराम कोठावळे यांचं विमान धावपट्टी ओलांडून पलीकडे जायचं होतं. कोठावळे जुने, जाणते वैमानिक. मृदुलाने त्यांना एका दमात सांगितलं, की अलीकडेच थांबा, अजून एक विमान उतरतंय, ते गेल्यावर पलीकडे जा. कोठावळ्यांचं उत्तर आलं, "कळलं." मृदुला लगेच पुढच्या विमानाकडे वळली.

थोड्या वेळाने तिने सहज खाली पाहिलं. धुक्यातून एक पांढरं नाक पुढे येत होतं. कोठावळ्यांचं विमान धावपट्टीवर चढत होतं. आणि आकाशातून दुसरं विमान त्याच धावपट्टीवर टेकायला आलं होतं.

त्या क्षणी मृदुलाने नेहमीसारखी घाई केली नाही. तिने खालच्या विमानाला नाही, वरच्याला हाक दिली. एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "उतरू नका. पुन्हा वर जा."

वरच्या वैमानिकाने तेच शब्द म्हणून दाखवले. इंजिनं गरजली, विमानाने नाक वर उचललं आणि कोठावळ्यांच्या डोक्यावरून ते धुक्यात निघून गेलं. मनोऱ्यातल्या काचा थरथरल्या. मग सगळीकडे शांत झालं.

ते विमान एक चक्कर मारून सुखरूप उतरलं. आतल्या एका आजीबाईंनी दारातल्या वैमानिकाचे आभारही मानले. शहर वरून दोनदा दाखवलंत, फार बरं केलंत, असं म्हणून त्या काठी टेकत निघून गेल्या. वैमानिकाने हात जोडले.

दुपारी मनोऱ्याचे प्रमुख इनामदार यांनी मृदुलाला आणि कोठावळ्यांना चौकशीला बोलावलं. दोघं आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. मृदुलाने विचारलं, की थांबा म्हटलेलं असताना तुम्ही पुढे आलात कसे?

कोठावळ्यांनी घडलं ते सांगितलं. मृदुला बोलत असतानाच दुसऱ्या कोणीतरी बोलण्यासाठी आपल्या रेडिओचं बटण दाबलं होतं. कानात नुसती कर्कश शिट्टी वाजली आणि त्या शिट्टीने मृदुलाच्या बोलण्याचा सुरुवातीचा भाग गिळला. ऐकू आलं ते एवढंच, की ‘ते गेल्यावर पलीकडे जा’. एक विमान नुकतंच समोरून गेलं होतं. तेच असणार, असं त्यांनी धरलं. शंका आली होती. शेजारी बसलेल्या सहवैमानिक मुलीने विचारून घेऊ या म्हणून सुचवलंही होतं.

"मग विचारलं का नाही?" मृदुला म्हणाली.

कोठावळे टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? इतकी वर्षं वादळात विमान चालवतोय, त्याची भीती वाटत नाही. तुम्हाला परत विचारायची वाटते."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

इनामदारांनी नियम वाचून दाखवला. वैमानिकाने सूचना म्हणून दाखवली नाही, शंका असूनही विचारलं नाही. कोठावळे उभे राहिले आणि चूक माझीच, एवढंच बोलले. मृदुलाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ती गप्प बसली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. उलट, वेळेवर विमान वर पाठवलं म्हणून तिची पाठही थोपटली गेली असती. तशी तयारी इनामदारांच्या चेहऱ्यावर दिसतच होती.

पण मृदुला बोलली. "साहेब, यांनी विचारलं नाही ही यांची चूक. पण कोणी विचारूच नये, अशी सोय मी करून ठेवली होती."

आणि मग तिने सगळं सांगितलं. परदेशी वैमानिकाला काय बोलली ते, आणि ‘कळलं’वर कसं भागवत होती ते.

इनामदार मिशीतल्या मिशीत हसले, पण शिक्षा त्यांनी दोघांनाही दिली. कोठावळ्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. मृदुलाला काही दिवस माइक नाही. कानाला हेडफोन लावून नुसतं ऐकायचं.

न बोलता बसणं हे मृदुलाला तुरुंगवासासारखं होतं. पहिले काही दिवस ती चुळबुळत राहिली. पण ऐकता ऐकता तिला कळायला लागलं, की कोणाचा आवाज खरखरतो, कोणाचा अर्धाच पोहोचतो, कोणी ‘कळलं’ म्हणतो ते खरोखर कळलेलं असतं आणि कोणी निव्वळ भिऊन म्हणतो.

ती माइकवर परतली, त्या दिवशी सकाळीच एका नवख्या वैमानिकाला तिची सूचना समजली नाही. चाचरत त्याने विचारलं, पुन्हा एकदा सांगाल का? रेडिओवर एकदम सामसूम झाली. सगळे वैमानिक कान टवकारून बसले.

मृदुला शांतपणे म्हणाली, "सांगते ना. विचारलंत, बरं केलंत."

तेही सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवसापासून ज्याला शंका येई तो बेधडक विचारू लागला. आधी मृदुलाला वाटलं, आता रांग गावाबाहेर जाईल. पण झालं उलटंच. चुकीच्या वळणावर जाणं, मग परत फिरणं, यात जो वेळ जायचा तो वाचला, आणि विमानं पूर्वीपेक्षा लवकर सुटू लागली. प्रशिक्षण संपवून कोठावळे आले, तेव्हा त्यांनी पहिलीच सूचना अक्षरन् अक्षर म्हणून दाखवली आणि शेवटी विचारलं, की बरोबर ना? मृदुलाने अगदी बरोबर म्हणून सांगितलं. मनोऱ्यातले सगळे हसले. ती मात्र नजर धावपट्टीवर ठेवून पुढच्या विमानाचं नाव घेत होती.

तात्पर्य: न समजलेलं विचारून घेण्यात कमीपणा नाही. पण ज्याच्या धाकाने दुसऱ्याचा प्रश्न ओठातच राहतो, तो त्या दुसऱ्याच्या चुकीतला अर्धा वाटेकरी असतो.