नको

“भन्ते, यांच्या भाषेत ‘नको’ला काय म्हणतात?”

“एपा.”

खोब्रागडे मागे वळला आणि मुखवटे विकणाऱ्याला ठणकावून म्हणाला, “एपा.”

पाहुण्याला सिंहली येते म्हणून तो माणूस खूश झाला. त्याने झोळीतून आणखी मोठा मुखवटा काढला.

खोब्रागडेने कपाळावर हात मारला.

भन्ते शीलरत्न तळ्याच्या काठाने शांतपणे चालत राहिले. तरुणपणी ते इथेच, श्रीलंकेत, कँडीच्या एका विहारात शिकले होते. खोब्रागडे हा त्यांचा नागपूरचा उपासक, बँकेत अधिकारी. चार दिवस ध्यान शिकायचं म्हणून त्यांच्यासोबत आला होता. ध्यान राहिलं बाजूला, सकाळपासून त्याचं डोकं भणभणत होतं.

घासाघीस करण्यात खोब्रागडेचा हात धरणारा नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात कुणी नव्हता. इथे मात्र त्याची विद्या त्याच्यावरच उलटली. पीडा टळावी म्हणून त्याने लाकडी हत्तीचा अगदी हास्यास्पद भाव सांगितला, तर विकणारा लगेच ‘हो’ म्हणाला. हत्ती घ्यावा लागला. तसंच लुंगीचं झालं. मग दालचिनीचं. आता दोन्ही हात भरले होते आणि हा मुखवटेवाला काही केल्या मागे हटत नव्हता.

“भैया, देखो. सस्ता. इंडिया दोस्त.”

त्याने मुखवटा थेट खोब्रागडेच्या छातीशी धरला. बटबटीत डोळे, बाहेर आलेली जीभ.

खोब्रागडेचा तोल सुटला. त्याने कोपराने मुखवटा ढकलला. “चल हट. तोंड नको दाखवूस मला.”

शब्द कळले नसतील, पण सूर कळला. माणूस दोन पावलं मागे सरला...

आणि पुन्हा त्याच्या पाठोपाठ येऊ लागला.

भन्ते थांबले.

त्यांनी मुखवटा दोन्ही हातांत घेतला. उलटा करून आतलं लाकूड पाहिलं. रंगावरून अंगठा फिरवला. मग सिंहलीत काहीतरी विचारलं. माणसाने हळू आवाजात उत्तर दिलं. पुन्हा एक प्रश्न, पुन्हा उत्तर. या वेळी तो किंचित हसला.

भन्तेंनी मान हलवत मुखवटा परत केला आणि दोनच शब्द बोलले. त्यातला एक ‘एपा’ होता.

माणसाने मुखवटा झोळीत ठेवला. चपला काढून भन्तेंना वंदन केलं, झाडाच्या सावलीत जाऊन बसला आणि तोंडावरचा घाम पुसला. खोब्रागडेकडे त्याने पाहिलंही नाही.

दोघे पुढे निघाले.

“काय विचारलंत त्याला?”

“नाव. विमलदास. मुखवटे त्याचा भाऊ कोरतो, रंग हा देतो.”

“तुमच्या अंगावर भिक्खूचं चीवर आहे म्हणून ऐकलं त्याने.”

“चीवर सकाळपासून होतं.”

खोब्रागडेने हत्ती या काखेतून त्या काखेत घेतला. पण राहवेना.

“भन्ते, मीही तेच म्हणालो. एपा. तुमचाच शब्द. मग माझं का ऐकलं नाही?”

भन्ते तळ्याकडे पाहत होते...

“तुम्ही त्याला नको म्हणालात. मी मुखवट्याला.”