ओळ कुठे मोडावी

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात एक निवृत्त तारमास्तर राहत. नाव अनंत पारकर. गावातली निम्मी मुलं बोटीवर कामाला. वाचनालयात पहिला संगणक आला, तेव्हा बोटीवर ई-मेल धाडायचं काम आपसूक मास्तरांकडे आलं. काय दिवस होते ते! बोटीवरून मेल आली की वाचनालयाच्या पायरीवर अर्धा गाव जमायचा.

बोटीवरच्या संगणकाचा पडदा अरुंद. ठळक अक्षर नाही, रंग नाही, नुसता मजकूर. मास्तर रोमन अक्षरांत मराठी टाइप करीत आणि सांगणारा जिथे दम घेई तिथे ओळ मोडत. पूर्णविराम मात्र देत नसत. तारेत पूर्णविरामाचेही पैसे पडायचे, तिथली ही जुनी खोड!

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. ते कागदावर मोठ्या अक्षरांत मजकूर उतरवून देत आणि ग्रंथपाल मोहिनीबाई तो टाइप करीत. बाई फार टापटिपीच्या.

एकदा जानू तांडेलाच्या बायकोचं ऑपरेशन झालं. मुलगा पुंडलिक बोटीवर होता. पुढच्या बंदरात त्याची अधिकाऱ्याची परीक्षा होती. त्याने विचारलं, ‘परीक्षा सोडून येऊ का?’ जानूने मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं:

ऑपरेशन झालं
आई आता बरी
नाही आलास तरी चालेल

‘‘अर्धं पान रिकामं! हे काय दिसणं झालं?’’ असं म्हणत मोहिनीबाईंनी तिन्ही ओळी जोडून सलग एक केली. पान कसं झकास दिसू लागलं. पण बोटीवरच्या अरुंद पडद्यावर ती लांब ओळ मावेना. तिथल्या यंत्राने ती मनाला येईल तिथे मोडली:

ऑपरेशन झालं आई आता बरी नाही
आलास तरी चालेल

पुंडलिक परीक्षा टाकून धावत घरी आला. आई दारात मासळी साफ करीत बसली होती.

‘‘माका काय धाड भरली? तू कित्याक इलंस रे?’’ ती म्हणाली. हसली, आणि परीक्षेचं आठवल्यावर डोळ्यांना पदर लावून बसली. परीक्षा आता वर्षाने होती.

पुंडलिकने मेलचा कागद वाचनालयात नेला. मोहिनीबाईंचा चेहरा उतरला. ‘‘मी ओळी जोडल्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चूक माझी.’’

‘‘अर्धी माझी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘एक टिंब द्यायला माझं काय जात होतं?’’

पुंडलिकने कागदावर बोट ठेवलं. म्हणाला, ‘‘मास्तरानू, तुमची पत्रां वाचताना बाबा समोर बसान, दम खावन बोलतत असा वाटायचा. ह्या वाचलंय, तर कोणच बोलत नाय होता.’’

त्या दिवसापासून बाई प्रत्येक मजकूर आधी मोठ्याने वाचत आणि सांगणाऱ्याला विचारत, ‘‘इथे थांबलात ना?’’

वर्षाने परीक्षा आली, तेव्हा बोटीवरून पुंडलिकने विचारलं, ‘आई कशी आहे? येऊ का?’ जानू पुन्हा उत्तर सांगायला आला. बाईंनी ओळी मोडल्या, टिंबं दिली. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरून तपासला. पान पुष्कळ रिकामं होतं:

आई बरी.
नाही आलास तरी चालेल.
परीक्षा दे.

या वेळी पुंडलिकने परीक्षा दिली.

तात्पर्य: निरोप आपल्या पानावर कसा दिसतो यापेक्षा वाचणाऱ्यापर्यंत कसा पोचतो, ते आधी पाहावं.