चालण्यावरून ओळख

"म्हणजे उद्या सकाळी मी भिक्षेला जायचं नाही, असं म्हणतोस?"

"गावात जा की, भंते. छावणीत नको, एवढंच."

मठाच्या ओसरीवर बसून भंते कोविद फाटक्या चिवराला टाके घालत होते. त्यांनी सुई आणि दोरा पुढे केला.

"आधी एवढं ओवून दे. मला दिसत नाही."

नायलिननं मुकाट्यानं सुई ओवून दिली. लहानपणी तीन पावसाळे तो याच मठात राहिला होता. भंत्यांच्या हातचा मार आणि गूळ, दोन्ही भरपूर खाल्लेलं पोर. आता तो डोंगरातल्या बंडखोरांत होता. शेतात औषध फवारायचा एक ड्रोन त्यानं स्वतः खोलून, जोडून बदलला होता. त्याच्या पोटाखाली आता बॉम्ब लटकत. उद्या तो ड्रोन नदीकाठच्या लष्करी छावणीवर जायचा होता.

आणि भंते रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन त्याच छावणीत जात. गावातली घरं जशी, तसंच तेही एक घर, असं ते म्हणायचे.

"दुपारी सोड तुझं ते पाखरू."

"दुपारी वारा असतो. भरकटतं."

"मग रात्री?"

"आमच्या कॅमेऱ्याला रात्रीचं दिसत नाही."

"अरेच्चा. म्हणजे मी जातो तीच वेळ."

"तीच. म्हणून तर जीव मुठीत धरून सांगायला आलो."

भंत्यांनी टाका ओढला.

"तापातसुद्धा मी कधी चुकवलं नाही, नायलिन. उद्या गेलो नाही, तर त्यांना काही कळणार नाही होय?"

हे नायलिनच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"भंते... त्यांची ती तोफ. गेल्या महिन्यात आमच्या शाळेवर..."

"माहीत आहे. त्या पोरांना स्मशानात पोचवायला मीच पुढं होतो."

"मग?"

"मग काय... ती तोफ थांबायला हवी."

भंत्यांनी आणखी दोन टाके घातले.

शेवटी नायलिननं मान वर केली. "ठीक आहे. तुम्ही जा. मी वरून बघत राहीन. तुम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत बटणाला हात लावणार नाही. वारा सुटला तर सुटला."

"पण वरून मी दिसणार कसा?"

"दिसाल ना!" नायलिनचा चेहरा खुलला. "पहाटे पडद्यावर रंग कळत नाही, सगळे करडे ठिपकेच असतात. पण शंभर ठिपक्यांत तुम्हाला काढीन. चालण्यावरून! डावा पाय जरा ओढता तुम्ही."

"बघ, पाय दुखतो त्याचाही उपयोग झाला." भंते खूश झाले. "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"छावणीतले."

"त्यांना कशाला ओळखायचं?"

भंत्यांनी सुई चिवरात खोचली. खांबाला धरून ते उठले. एक हात कमरेवर ठेवला, गुडघे फाकवले आणि बदकासारखे डुलत ओसरीच्या टोकापर्यंत गेले. तिथं वाकून त्यांनी नसलेलं पातेलं उचललं. "आई गं!"

नायलिनला हसू आलं. "हा कोण?"

"स्वयंपाकी. कंबर धरलीय बिचाऱ्याची. भात वाढताना रोज आईची आठवण काढतो."

मग त्यांनी मान पुढे काढली, बगळ्यासारख्या लांब ढांगा टाकल्या आणि मध्येच टुणकन उडी मारली.

"हा फाटकावरचा. तिथं पावसाळ्यात डबकं होतं. आता कोरडं ठणठणीत आहे, पण गड्याची उडी काही सुटत नाही."

नायलिन पोट धरून हसला. लहानपणी भंते असेच माकडाची नक्कल करायचे, तेव्हा हसायचा तसा.

भंते पुन्हा निघाले. दोन पावलं चालले, थांबले, खिसा चाचपला. परत दोन पावलं. परत खिसा.

"आणि हा?"

"याच्या बायकोचे दिवस भरलेत. फोन तिथं लागत नाही, तरी वाजला असं वाटतं त्याला."

नायलिनचं हसू ओठांवरच राहिलं.

भंते वळले आणि पुन्हा दोन पावलं चालून थांबले.

"पुरे, भंते."

भंत्यांचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"पुरे म्हणतो ना! मला उद्या त्या पडद्याकडे बघायचंय..."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. घाईत बंद नीट लागेना. भंते जवळ आले. म्हातारा जीव, चांगलीच धाप लागली होती. त्यांनी त्याचा बंद सरळ केला, आणि मग तो सोडलाच नाही.

"बस जरा," ते म्हणाले. "तोफेवरचा राहिलाय अजून."