तांबटाचं धुराडं

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक तांबट राहायचा. त्याच्या हातच्या भांड्यांचं नाव पंचक्रोशीत होतं. बाजाराच्या गावी स्वतःचं दुकान थाटावं, एवढीच त्याची इच्छा. पण त्यासाठी राहतं घर चांगल्या किमतीला जायला हवं होतं, आणि घर तर साधंच.

"आधी जरा सजवू," तो बायकोला म्हणाला. "शेजारच्या सोनारालाही घर विकायचंय. केवढा नक्षीदार दरवाजा बसवलाय त्यानं! मोर आहेत त्यावर. आपण हत्ती कोरून घेऊ."

बायको चुलीपुढं डोळे पुसत होती. "हत्ती करा नाहीतर उंट करा. येणारी बाई काय दरवाजात स्वयंपाक करणार आहे?"

"तुला कशाचं म्हणून कौतुक नाही!"

"आहे की, तुमच्या हातांचं आहे. तेवढं धुराडं नीट करा. वीस वर्षं सांगतेय."

तांबटाला बोलणं झोंबलं. खरं-खोटं करायला तो सकाळभर चुलीपाशी बसला आणि दुपारी लाल डोळ्यांनी उठला. मग त्यानं घरातली फुटकी-तुटकी भांडी काढली, पत्रा ठोकून सरळ केला आणि छपराबाहेर जाईल असं उंच धुराडं बनवलं. फुटकी कौलं बदलली, तुंबलेली मोरी मोकळी केली, भिंतींना चुना दिला. गाठीच्या पैशांतले निम्मेही लागले नाहीत.

"काय तांबट," सोनार हसला, "धुराडं बघायला गिऱ्हाईक येणार वाटतं?"

"येईल न येईल. माझ्या माणसाचे डोळे तर वाचले!"

काही दिवसांनी परगावचा एक वैद्य बायकोला घेऊन घर बघायला आला. त्या मुलुखात रीत अशी, की घेणाऱ्या घरच्या बाईनं आधी त्या चुलीवर दूध तापवायचं. ते उतू गेलं की मगच किमतीचं बोलायचं.

दोघं आधी सोनाराकडं गेली. वैद्यानं मोरांवरून हात फिरवला. आत चूल पेटली मात्र, घरभर धूर कोंडला. दूध तसंच टाकून वैद्याची बायको खोकत अंगणात आली.

"अहो वहिनी, दरवाजा तर बघा!" सोनार म्हणाला.

"बघितला की, बाहेर पळताना!"

दूध उतू गेलं नव्हतं, तरी वैद्यानं सहज किंमत विचारली. सोनारानं दरवाजाचा खर्चही धरून ती सांगितली, तसे वैद्यानं हातच जोडले. "एवढ्यात तर पेठेत दुमजली घर येतं. या गल्लीत कोण देईल हो?"

तांबटाच्या घरी दूध छान उतू गेलं. वैद्याच्या बायकोनं वर पाहिलं. "हे धुराडं कुणी केलं?"

"मी!" तांबट छाती काढून म्हणाला. मग त्याची नजर मागं उभ्या बायकोकडं गेली. "म्हणजे ठोकलं मी. सुचलं हिला."

वैद्यानं घासाघीस न करता सांगितलेली किंमत कबूल केली. सोनाराचे मोर मात्र गिऱ्हाइकाची वाट बघत राहिले.

तांबटाची बायको पदर सावरून ताठ उभी राहिली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "नव्या घरात मात्र मी एकदाच सांगणार हं!"

तात्पर्य: घर विकायचं असेल तर त्यात राहणाऱ्याची अडचण आधी दूर करावी, आणि शोभेवर खर्च गल्लीला पेलेल एवढाच करावा.