भिवराची उसवलेली गोधडी

माळावरच्या एका गावात भिवरा नावाची एक बाई राहत होती. हाताची कामसू, पण नजर सदा शेजारच्या अंगणात. शेजारी केसर राहायची. केसरच्या गोधडीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक आणि सरळ. कुणाच्या घरी पाळणा हलला की गोधडीसाठी बायका केसरचेच नाव घेत. ते ऐकले की भिवराच्या पोटात दुखायचे.

सात वर्षांपूर्वी भिवराची आई वारली. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी भिवराने शिवायला घेतली. लेकीच्या पहिल्या बाळाला ती द्यायची, असे तिने ठरवले होते. चार भागांतला एकच शिवायचा राहिला होता, तेव्हा एका दुपारी तिने ती केसरच्या गोधडीशेजारी ठेवून पाहिली. आपले टाके तिला लांबडे आणि वाकडे दिसले. तिने गोधडी गुंडाळून धान्याच्या कणगीमागे टाकून दिली.

पुढे लेक मंजुळा बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली. लेक बाळ घेऊन सासरी निघताना माहेरची गोधडी बरोबर द्यायची, अशी त्या गावाची रीत. आठ दिवस उरले होते. केसरची गोधडी माझ्या नातीच्या अंगावर पडायची, आणि तीही मी जिवंत असताना? भिवरा मनात धुमसली आणि तिने कणगीमागून गाठोडे ओढून काढले.

शहाण्या बाईने उरलेला भाग शिवायला घेतला असता. भिवरा कात्री घेऊन जुने टाके उसवायला बसली.

"आई, ह्ये काय करतीस?" मंजुळाने विचारले.

"बारीक टाकं घालायचंत. केसरच्या वरचढ."

पण जुनी लुगडी त्या टाक्यांच्या आधारानेच तगून होती. टाके निघाले तशी ती जागोजाग फाटत गेली. निम्म्या गोधडीच्या चिंध्या झाल्या.

तेवढ्यात केसर दारात आली. तिच्या काखेत नवी गोधडी होती. भिवराने चिंध्या पदराखाली लपवल्या, पण केसरला दिसायचे ते दिसले. तिचा चेहरा उतरला.

"ही मंजुळेसाठी आणली हुती," ती म्हणाली. "पर भिवरा, तू ह्ये का केलंस? माजी आई मी ल्हान असतानाच गेली. तिची एक चिंधीबी न्हाई माज्यापाशी. तुजी ही गोधडी बघितली तवापासनं मी जळतीय तुज्यावर."

भिवराला मान वर करवेना. जिच्यावर आपण सात वर्षे जळलो, ती आपल्यावरच जळत होती. आणि तिला ज्याचा हेवा वाटला, ते आपण आपल्या हाताने फाडले. तिला रडू फुटले.

मग तिने फाटका भाग कापून बाजूला केला आणि उरलेल्याला सुई लावली. केसरने आपली गोधडी बाजूला ठेवून समोरची कड ताणून धरली, पण टाका एकही घातला नाही. टाके लांबडेच पडले. भिवराने ते उसवले नाहीत.

मंजुळा निघाली तेव्हा बाळ पणजीच्या लुगड्यात गुंडाळलेले होते. पण गोधडी निम्मीच उरली होती. दिवाळी येईतो बाळाचे पाय तिच्याबाहेर आले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाताचा हेवा करून आपले काम मोडू नये. ते जसे जमेल तसे पुरे करावे. त्यात आपले जे असते, ते दुसरे कुणी देऊ शकत नाही.