उत्पलेचे जुनेर

पूर्वी शूर्पारक बंदरात राजा वीरदत्ताची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वाने एका विणकराच्या घरी जन्म घेतला होता. नाव सोमिल. त्याची बायको उत्पला तरुणपणीच वारली. तिने स्वतः सूत कातलेले एक निळ्या काठाचे जुनेर तेवढे मागे राहिले. सोमिल ते उशाशी घेऊन निजे. पण सुती कापडच ते, वर्षागणिक विरत चालले. एके दिवशी घडी उलगडताना ते हातातच फाटले आणि सोमिल लहान मुलासारखा रडला. उत्पला दुसऱ्यांदा गेली, असेच त्याला वाटले.

तेव्हापासून कधीही न विरणारे कापड करायचे, हा एकच ध्यास त्याने घेतला. राळ आणि लाख उकळून त्याने सुताला असा लेप चढवला की कापड पाण्यात कुजेना, मातीत मुरेना. त्याच्या काठाला तो उत्पलेच्या नावाची कमळवेल विणी. लेपाची कृती एकट्या त्यालाच ठाऊक होती.

नगर त्या कापडावर लट्टू झाले. राजाने शंभर माग बसवून दिले. कापड स्वस्त झाले, मग शूर्पारककरांच्या नखऱ्यांना काय विचारता. पौर्णिमेला एक रंग, अमावास्येला दुसरा. कालचे वस्त्र आज अंगावर दिसले की शेजारीण नाक मुरडी. टाकलेले कपडे खाडीत जात आणि खाडीतून समुद्रात. पुढे त्यांचे काय होते, हे कोणी विचारले नाही. सोमिलनेही नाही. त्याला एवढेच कळले होते की नवे कापड कितीही टिकले तरी त्याला उत्पलेचा वास नाही.

उत्पला होती तेव्हा दर हिवाळ्यात दोघे वाळूत बसून अंडी घालायला येणाऱ्या कासविणींची वाट पाहत. ती गेल्यावरही सोमिल जात असे. त्या वर्षी मात्र एकही कासवीण येईना. शेवटी एका सकाळी एक आली, धापा टाकत. तिच्या मानेला चिंधी आवळली होती, मांसात रुतलेली. चिंधीच्या काठाला कमळवेल होती.

"बाकीच्या येत नाहीत आता," जाळे सुकवणारा म्हातारा कोळी म्हणाला. "पोटात चिंध्या भरून मेल्या बिचाऱ्या. तुमचं कापड लई चिवट, दादा."

सोमिल कासविणीजवळ वाळूत बसला. मग त्याने सुरीने चिंधी कापली, तशी जखम वाहू लागली. बांधायला काहीतरी हवे होते. अंगावरचे वस्त्र त्याच्याच मागावरचे, ते पुन्हा रुतले असते. छातीशी मात्र उत्पलेच्या जुनेराचा उरलेला तुकडा होता. तो त्याने बराच वेळ हातात धरला आणि मग कासविणीच्या मानेला बांधला.

"अहो, समुद्रात जाईल ते," कोळी म्हणाला.

"जाऊ दे. जखम भरेपर्यंत टिकेल, मग विरेल."

अंडी घालून कासवीण पाण्यात शिरली. निळा काठ दिसेनासा होईपर्यंत सोमिल पाहत राहिला. उत्पलेची इतकी आठवण त्याला कधीच आली नव्हती.

घरी येऊन त्याने लेपाच्या कढया फोडल्या. राजाने आधी लालूच दाखवली, मग धाक घातला, शेवटी माग काढून घेतले. सोमिलने कृती सांगितली नाही. पुढे तो लोकांचे फाटके कपडे शिवून पोट भरी आणि भरतीने आणलेल्या चिंध्या वेची. वेचताना निळा काठ शोधी. तो कधी सापडला नाही. विरला असेल, असे म्हणून तो घरी परते.

ही पूर्वजन्मीची कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान, थांबले. समोर भिक्षू वप्पिल थंडीने कुडकुडत बसला होता. दिवंगत आईने सूत कातून दिलेले चीवर झिजेल, म्हणून तो ते मांडीवर घडी करूनच ठेवी.

"तेव्हाचा राजा म्हणजे या नगरीतला कापडाचा श्रेष्ठी," शास्ते म्हणाले. "कोळी म्हणजे दारातला वृद्ध उपासक. उत्पला ही तुझी आई, आणि ती कासवीण तू होतास. आईच्या हातचे सूत तेव्हाही तुझ्याच अंगाला लागले होते. विणकर मी होतो. जिवापाड जपलेले देऊन टाकायचे, ही दानपारमिता मी त्या किनाऱ्यावर शिकलो."

वप्पिलने चीवराची घडी मोडली.