हाराचा गुण

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नगरोनगरी राजे होते आणि घरोघरी संगणक होते. हे कसं काय, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर ऐका.

एका नगरात एक बाई राहत असे. पैठणीच्या काठाची नक्षी ती संगणकावर काढी आणि कोष्टी आळीतले विणकर ती मागावर उतरवीत. मोर काढावा तर तिनेच. तिच्या नवऱ्याला मात्र एकच छंद होता, संगणकाचा वेग मोजण्याचा. त्यासाठी त्याने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ते यंत्राला ऊर फुटेस्तोवर पळवी आणि शेवटी एक आकडा देई. तो आकडा घेऊन हा गृहस्थ संध्याकाळी पारावर जाई. तिथे बाकीचेही आपापला आकडा घेऊन बसलेले असत. काम कुणालाच नव्हतं. आकडा प्रत्येकाला होता.

खंडेनवमी आली. बाईने संगणक उघडला, पंख्यात साठलेली धूळ काढली, सगळं पुसून लख्ख केलं. मग नवऱ्याने पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा भरगच्च हार घातला आणि लगेच वेग मोजला. आजवरचा सर्वांत मोठा आकडा आला.

"बघितलंस? हाराचा गुण," तो म्हणाला.

धूळ काढली त्याचा गुण, असं तिने सांगून पाहिलं. पण धुळीचं कौतुक पारावर कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी निर्माल्य उतरवायचं, ही साधी रीत. याने हाराला हात लावू दिला नाही.

दिवाळी सरली आणि राजवाड्यातून सांगावा आला. राजकन्येच्या लग्नातल्या पैठणीचा काठ या बाईने काढायचा होता. तो राणीच्या मनास आला, तर राजघराण्याची नक्षी कायमची तिच्याकडे येणार होती आणि तिच्यामागे साऱ्या कोष्टी आळीला काम मिळणार होतं. तुळशीच्या लग्नापर्यंत नक्षी हवी होती.

बाई कामाला बसली आणि संगणक रखडू लागला. मोराचं एक पीस रंगवावं, तर यंत्र धापा टाकत बसे. वाळलेल्या पाकळ्या आणि कुंकू पंख्यात जाऊन बसलं होतं. आत हवा जायला वाट नव्हती. हार तर डोळ्यांसमोर लोंबत होता!

नवऱ्याने काय करावं? मोजावं. आकडा खाली आला म्हणून पुन्हा मोजावं. बाजारातून मेमरीची आणखी एक पट्टी आणून बसवावी आणि परत मोजावं. त्याचं मोजून होईतो बाईने हातावर हात ठेवून बसायचं.

"अहो, जरा हात लावून बघा. तापलाय तो," ती म्हणाली.

तर या माणसाने ताप मोजण्याचं सॉफ्टवेअर आणलं. काटा तांबड्यात गेला. तो दाखवायला त्याने पारावरची मंडळी घरी बोलावली, बाईला चहा टाकायला लावला. सगळ्यांनी माना डोलावून ठरवलं की हार सुकला म्हणून गुण उतरला, वरून ताजा घालावा. घातला.

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो ना? तिलाही वाटला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी राजदूत दारात उभा राहिला. शेवटचा मोर रंगायचा होता आणि यंत्राने मान टाकली. राजदूत थांबला नाही. राजकन्या दुसऱ्याच नगरातली पैठणी नेसून बोहल्यावर चढली.

बाई रडत बसली नाही. तिने दोन्ही हार ओढून काढले, पंखा साफ केला आणि संगणक उचलून कोष्टी आळीत नेला. तिथे ती साध्या लुगड्यांचे काठ काढू लागली. मोठं काम गेलं ते गेलंच. ते परत आलं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

काही दिवसांनी नवरा तिथे आला. दारातच घुटमळला आणि हळूच म्हणाला, "आता वेग किती येतो गं?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "माग चालू आहेत, ऐकू येतंय ना? तेवढा."

बोध: ‘किती’ ते आकडा सांगतो, ‘का’ ते सांगत नाही; ते कळायला हात मळवावे लागतात.